तिवारीजींचं बीजगणित आणि माझी हिंदी

"अब इसके अवयव निकालो," मी फळ्याकडे बोट दाखवून म्हणालो, आणि नववीचा अख्खा वर्ग हसायला लागला.

मला कारण कळेना. पहिल्या बाकावरच्या चौहान नावाच्या मुलानं हात वर केला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सर, कौन सा निकालें? हाथ या पैर?"

मराठीत अवयव म्हणजे हात, पाय, कान. गणितातही आपण तोच शब्द वापरतो. ज्यांचा गुणाकार केला की मूळ संख्या परत मिळते, ते तिचे अवयव. बाराचे अवयव तीन आणि चार. हिंदीत मात्र गणितातल्या अवयवाला गुणनखंड म्हणतात. अवयव म्हटलं की फक्त शरीराचे. हे मला त्या क्षणी कळलं. दिक्कत एवढीच की मागच्या बाकावर हेडमास्तर माथुर साहेब बसले होते, आणि ते माझंच काम बघायला आले होते.

ही मध्यभारत राज्याच्या वर्षांतली गोष्ट आहे. होळकरांचं राज्य नव्या राज्यात विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. मी इंदूरच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवत होतो. माझं स्वतःचं शिक्षण आधी मराठीत, मग इंग्रजीत झालेलं. वर्गात मी फॅक्टर, ब्रॅकेट, साइन हे शब्द इंग्रजीच वापरायचो आणि बाकीचं मराठीत समजावून सांगायचो. मुलं बहुतेक राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतली, मराठी घरांतली. सगळं ठीक चाललं होतं. मग हुकूम आला की नव्या सत्रापासून शिकवणं हिंदीत, शब्दही हिंदीच. वर्गही बदलला. आसपासच्या गावांतली मुलं आली, त्यांना मराठीचा गंध नव्हता.

तुम्ही म्हणाल, इंदूरचा माणूस आणि त्याला हिंदी येत नाही? येत होती. भाजीवाल्याशी घासाघीस करायची, टांगेवाल्याशी भांडायची हिंदी चांगली येत होती. पण बीजगणिताची हिंदी बाजारात मिळत नाही. त्या दिवशी साहेब समोर होते म्हणून मी फॅक्टर म्हणायचं टाळलं. म्हटलं, अवयव हा संस्कृत शब्द, हिंदीतही हाच असणार. तिथेच फसलो.

तास संपल्यावर साहेबांनी ऑफिसमध्ये बोलावलं. माथुर साहेब ग्वाल्हेरहून बदलून आलेले. इतिहासाचे एम.ए. बोलणं कडक, पण आवाज कधी चढत नसे.

"जोगलेकर, बैठिए. आपका गणित ठीक है. उसमें मुझे कुछ नहीं कहना. पर लड़के परीक्षा हिंदी में देंगे."

"सीख लूँगा, सर."

"सत्र के बीच में आ गए हम. कब सीखेंगे?"

मी खडूनं माखलेली बोटं रुमालाला पुसली.

"जनवरी में मैं फिर आऊँगा," ते म्हणाले. "उसके बाद ऊपर रिपोर्ट भेजनी है. आप अभी टेम्पररी हैं, याद है ना?"

हे विसरण्यासारखं नव्हतं. वडील होळकरांच्या दफ्तरात होते. विलीनीकरणानंतर ते घरी बसले होते. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आमच्याच शाळेतले दोन मराठी मास्तर हिंदीला कंटाळून नागपूरकडे निघून गेले होते. वडील रोज जेवताना म्हणायचे, "तूही अर्ज कर. इथे आता आपलं काय राहिलं?" मला जायचं नव्हतं. माझा जन्म इथला, शाळा इथली. पण जनवरीनंतर निर्णय माझ्या हातात राहणार नव्हता.

स्टाफरूममध्ये येऊन बसलो. चहा समोर आला. तो तसाच निवत होता. समोरच्या खुर्चीवर तिवारीजी होते. संस्कृत आणि हिंदीचे मास्तर. वय चाळिशीच्या पुढे, धोतर, वर बंद गळ्याचा कोट, कपाळावर गंध. काशीला जाऊन शास्त्री झालेले. मुलं त्यांना पंडितजी म्हणत आणि जरा घाबरूनच असत. मीही त्यांच्याशी नमस्कारापलीकडे फारसं बोललेलो नव्हतो.

बाकीचे तासाला गेले तसे तिवारीजी उठले, त्यांनी दार लोटलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. इतकी वर्षं इंदुरात काढल्यामुळे त्यांना मराठी समजायची. बोलायचे मात्र हिंदीत, आणि मन अस्वस्थ झालं की माळवीत. त्यांचं बोलणं मी इथे बरंचसं मराठीतच देतो.

"माझ्या कानावर आलं," ते म्हणाले. "हात-पाय."

"सगळ्या शाळेच्या कानावर आलं असेल."

ते हसले नाहीत. म्हणाले, "जोगलेकरजी, तुम्हाला हिंदी हवी आहे. मला बीजगणित हवं आहे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग त्यांनी सांगितलं. नव्या राज्यात सगळ्या मास्तरांची योग्यता तपासली जात होती. त्यांची शास्त्री ही पदवी वरच्या ऑफिसला पुरेशी वाटत नव्हती. ऑफिसचं म्हणणं होतं, आधी हायस्कूलची परीक्षा पास झाल्याचं दाखवा. तिवारीजी हायस्कूलला कधी गेलेच नव्हते. लहानपणापासून पाठशाळा, मग काशी. आता त्यांना मार्चमध्ये आपल्याच विद्यार्थ्यांबरोबर, प्राइवेट उमेदवार म्हणून, परीक्षेला बसायचं होतं. हिंदी, संस्कृत, इतिहास यांची त्यांना चिंता नव्हती. अंकगणितही जमत होतं. बीजगणित मात्र त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"फेल हो गयो तो?" ते माळवीत म्हणाले. "जिनको पढ़ाऊँ, वो पास और म्हूँ फेल. फिर कक्षा में कसे जाऊँ?"

नोकरीचं त्यांनी नावही काढलं नाही. पण तीही गेलीच असती.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही ड्रॉइंगच्या खोलीत बसायला लागलो. अट एकच होती. मी त्यांना जे शिकवीन ते हिंदीत शिकवायचं, आणि चुकेन तिथे त्यांनी लगेच थांबवायचं. ते थांबवायचेच. पहिल्या आठवड्यात माझं एक वाक्य पुरं झालं असेल तर शपथ.

मी म्हणालो, "अब हम कंस छोड़ेंगे." मराठीत आपण कंस सोडवतो, म्हणजे ब्रॅकेट काढून टाकतो.

तिवारीजींनी खडू खाली ठेवला. "कंस को छोड़ेंगे तो वह देवकी के बच्चे मारेगा. कोष्ठक खोलिए."

बेरीज ही मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून मी "जोड़ आती है" म्हणायचो. ते म्हणायचे, "आता है." सामाईक या शब्दाला नव्या पुस्तकात उभयनिष्ठ असा शब्द होता. तो उच्चारताना माझी जीभ अडखळायची. मला वाटलं, पंडित माणूस, हाच शब्द घोकून घेणार. ते म्हणाले, "सोडा. मुलांनाही नाही येणार. समान म्हणा. पुस्तकातला शब्द फळ्यावर एकदा लिहा आणि बोलताना समान म्हणा." असे त्यांनी मला कितीतरी शब्द दिले. मोठा शब्द लिहायला, साधा शब्द बोलायला. मी पुढे सगळी नोकरी त्यावर काढली.

त्यांचं बीजगणितही चांगलं चाललं होतं. अक्षरं संख्यांच्या जागी वापरायची, हे त्यांना सहज पटलं. अक + अख यात दोन्हीकडे अ आहे, म्हणून तो बाहेर काढायचा आणि अ(क + ख) लिहायचं, हेही एका बैठकीत झालं. मग आम्ही चार पदांवर आलो, आणि गाडी अडली.

पद म्हणजे अधिक-उणे चिन्हांनी वेगळा झालेला एकेक तुकडा. समजा अशी राशी आहे: अक + अख + बक + बख. चार पदं. चौघांत मिळून समान असं काहीच नाही. अशा वेळी जोड्या पाडायच्या. पहिल्या दोघांत अ समान, तो बाहेर काढा. दुसऱ्या दोघांत ब समान, तो काढा. मग उरतं अ(क + ख) + ब(क + ख). आता दोन्हीकडे एकच कोष्ठक आहे, क + ख. ते अख्खं बाहेर काढा. उत्तर (क + ख)(अ + ब). चार पदांच्या बेरजेचा दोन कोष्ठकांचा गुणाकार झाला. एवढंच आहे. नववीची मुलं हे पाठ करून टाकतात.

तिवारीजी पाठ करायला तयार नव्हते.

"अ बाहेर काढला, समजलं," ते म्हणाले. "अ एक आहे. पण क अधिक ख हे दोन आहेत. दो को एक कैसे मान लूँ?"

"कोष्ठकात आहेत ना. कोष्ठकात असलं की एक मानायचं."

"किसकी आज्ञा से?"

मी म्हणालो, असाच नियम आहे. त्यांनी मान हलवली, वही मिटली आणि म्हणाले, "नियम है तो कारण भी होगा. कल बताइए."

घरी जाताना मला त्यांचा राग आला होता. परीक्षा तोंडावर आलेली, आणि हा माणूस कारण मागतो. पण खरं सांगायचं तर राग स्वतःवरही होता. इतकी वर्षं हे मी शिकवत होतो आणि एकाही मुलानं मला हे विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कोष्ठकावर तळहात ठेवून दाखवला. म्हटलं, खाली काय आहे ते विसरा, माझा हात एकच आहे ना? ते म्हणाले, हात काढला की परत दोन. त्यानंतर मी क + ख ला म असं नाव दिलं. मग अम + बम झालं, म बाहेर काढला, म(अ + ब). ते म्हणाले, "नाव दिल्यानं दोन माणसं एक होतात का? माझ्या दोन मुलांना मी एकच नाव ठेवलं तर?" मी खडू फेकायचंच बाकी ठेवलं होतं. तीन-चार दिवस असेच गेले. त्यांची पुढची प्रकरणं थांबली. माझी हिंदी मात्र सुधारत होती, कारण भांडायला भाषा लागते.

मग एका सकाळी मी नववीच्या वर्गात होतो. पलीकडच्या वर्गात तिवारीजींचा संस्कृतचा तास चालू होता. मधली भिंत लाकडी फळ्यांची, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. ते समास शिकवत होते.

"राजपुत्र," त्यांचा आवाज आला. "कितने शब्द हैं?"

"दो," मुलं म्हणाली.

"राजा और पुत्र. दो. अब बोलो, राजपुत्रेण. विभक्ति किसको लगी? राजा को या पुत्र को?"

कोणी म्हणालं राजा, कोणी पुत्र.

"किसी एक को नहीं. पूरे पद को. समास होते ही दो शब्द..."

इथे आवाज थांबला. मग माझ्या वर्गाच्या दारात तिवारीजी उभे. हातात खडू, कोटावर पांढरी धूळ. माझ्या मुलांकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"जोगलेकरजी," ते म्हणाले, "यह तो समास है."

एवढंच बोलून ते परत गेले आणि त्यांचा तास पुढे सुरू झाला.

संध्याकाळी त्यांनी मला समजावून सांगितलं आणि मी विद्यार्थ्यासारखा ऐकत बसलो. समास झाला की दोन शब्दांचा एक शब्द होतो. आत दोन असतात, ते कुठे जात नाहीत. पण बाहेरून जो प्रत्यय लागतो तो अख्ख्याला लागतो, अर्ध्याला नाही. तसंच अ(क + ख) मध्ये अ हा एकट्या क ला गुणत नाही, एकट्या ख लाही नाही. तो पुऱ्या कोष्ठकाला गुणतो. ब सुद्धा त्याच पुऱ्या कोष्ठकाला गुणतो. म्हणजे बाहेरच्या दोघांसाठी कोष्ठक ही एकच वस्तू आहे. म्हणून ती एक म्हणून बाहेर काढता येते.

"आणि व्याकरणातही याला पदच म्हणतात, समस्त पद," ते म्हणाले. "तुमचा शब्द आमच्याकडचाच आहे."

इतकं सांगून त्यांनी माझ्या हातातून खडू घेतला आणि पुस्तकातली गणितं एकामागून एक सोडवत गेले. एका गणितात पदं मुद्दाम उलटसुलट दिली होती: अक + बख + अख + बक. पहिल्या दोघांत काहीच समान नाही. त्यांनी पदांची जागा बदलून नीट जोड्या लावल्या. मला बोलावं लागलं नाही.

जनवरीत माथुर साहेब ठरल्याप्रमाणे आले आणि मागच्या बाकावर बसले. मी मुद्दाम तोच धडा घेतला. सुरुवात वाईट झाली. गुणनखंड हा शब्द ऐन वेळी आठवेना. फळ्याकडे तोंड करून मी उगाच पुसलेलंच पुसत राहिलो. शेवटी शब्द आला. चार पदं लिहिली, जोड्या पाडल्या, दोन कोष्ठकं आली. मी म्हणालो, "अब यह कोष्ठक दोनों में समान है, इसे बाहर लेंगे."

चौहान उभा राहिला. "सर, कोष्ठक में तो दो हैं. दो को एक साथ बाहर कैसे लेंगे?"

हा प्रश्न त्यानं साहेबांसमोर माझी फजिती करायला विचारला होता की खरंच अडला होता, मला आजही माहीत नाही. पण तो ऐकून मला हलकं वाटलं. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मला हिंदीत येत होतं, अगदी झोपेतून उठवलं असतं तरी.

"राजपुत्र में कितने शब्द हैं?" मी विचारलं.

"दो," तो म्हणाला.

"और विभक्ति?"

"एक. पंडितजी ने बताया है."

"किसको लगती है?"

तो बोलायला लागला आणि मध्येच थांबला. मग फळ्याकडे बघून हळू म्हणाला, "पूरे को." आणि बसला. मागच्या दोन-तीन बाकांवर कुजबुज झाली, समजल्यावर होते तशी. त्यापुढे मी भाषेचा विचारच केला नाही. शिकवत गेलो. घंटा झाली तेव्हा अंगरखा पाठीला चिकटला होता, थंडीचे दिवस असून.

ऑफिसमध्ये साहेब म्हणाले, "आपने दो बार कहा कि कोष्ठक खुलती है. खुलता है."

"जी."

"लिंग की गलतियाँ मैंने गिननी छोड़ दीं." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "पर लड़के समझ गए. मैं भी समझ गया, और मुझे बीजगणित से स्कूल में ही छुट्टी मिल गई थी. यह समास वाली बात आपकी है?"

"नहीं सर. तिवारीजी की."

त्यांनी मान वर केली. तिवारीजी परीक्षेला बसताहेत हे त्यांना माहीत होतं, पण आम्ही दोघं रोज बसतो हे माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं टाइमटेबल बघितलं. मग म्हणाले, "मार्च तक पंडितजी के आखिरी पीरियड मैं ले लूँगा. उनसे कहिए, पढ़ें." आणि खरोखरच तेव्हापासून रोजचा शेवटचा तास साहेबांनी स्वतः घेतला. हिंदीच्या तासाला मुलांना इतिहास ऐकावा लागला, त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही.

माझ्या रिपोर्टात भाषेपुढे त्यांनी शेरा लिहिला होता, "कामचलाऊ". विषयापुढे, "उत्तम". मी टिकलो. काही महिन्यांनी पक्काही झालो. वडिलांनी नागपूरचं बोलणं सोडलं.

तिवारीजींच्या गणिताच्या पेपराच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी थांबलो होतो. ते आपल्याच विद्यार्थ्यांच्या घोळक्यातून बाहेर आले. मुलं त्यांना वाट करून देत होती, आणि एक जण विचारत होता, "पंडितजी, चौथा आया क्या?" त्यांनी त्याला उत्तर दिलं, आणि नंतर मला.

"चार पदं आली होती," ते म्हणाले. "पहिली जोडी बसली नाही. मग जोडी बदलली."

"बसली?"

"बैठ गई."

निकाल आला. ते तिसऱ्या श्रेणीत पास झाले. गणितात काठावर, संस्कृतात अर्थातच वर. वरच्या ऑफिसला एवढं पुरलं. पुढच्या रविवारी ते सपत्नीक खजरान्याच्या गणपतीला गेले आणि येताना लाडवांचा पुडा घेऊन आमच्या घरी आले. माझ्या बायकोनं त्यांना वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "बेटी, मुझे नहीं. मैं तो इनका विद्यार्थी हूँ." मी म्हणालो, मी तुमचा. वडील हे सगळं ऐकत होते. तिवारीजी गेल्यावर ते म्हणाले, "माणूस मोठा आहे. हिंदी बोलतो, पण मोठा आहे." वडिलांच्या तोंडून हे येणं म्हणजे फार झालं.

तिवारीजी त्याच शाळेतून रिटायर झाले. आता ते नाहीत. माथुर साहेबही नाहीत. मी इंदुरातच, राजेंद्र नगरात राहतो, आणि माझी नातवंडं माझ्यापेक्षा चांगली हिंदी आणि माझ्यापेक्षा वाईट मराठी बोलतात. त्या दोन माणसांनी मला या गावात राहू दिलं, असं मी मानतो. त्यांचे आभार मी त्यांच्या हयातीतच मानले होते. पुन्हा मानायला हरकत नाही.

पुढे ट्रेनिंगला आलेले नवे मास्तर मला विचारायचे, धडा चांगला तयार कसा करायचा. मी सांगायचो, आधी तो एखाद्या चाळिशीच्या शहाण्या माणसाला शिकवून बघा. मुलं समजलं नाही तरी मान डोलावतात. तो डोलावणार नाही.